एकतीस जणांची वही

खंडेराव मेला त्या दिवशी त्याच्या रक्तात काय दोष आहे, हे शहरातल्या एका कपाटात आठ वर्षांपासून लिहून ठेवलेलं होतं. खंडेरावला ते माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला नव्हतं, त्याला भूल देणाऱ्या डॉक्टरला नव्हतं आणि मलाही नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीला मात्र होतं.

मी अजिनाथ. वाळूजला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आता रिटायर आहे. रत्नमाला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमचे वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. आम्ही शाळेत जाण्याजोगे झालो तेव्हा त्यांनी कळप अर्धा केला आणि देवगाव रंगारीला भावकीजवळ घर केलं. आई वच्छलाबाई चौऱ्याऐंशी साली गेली. पोटात दुखायचं म्हणून तिला शहरात नेलं, डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स आहे, छोटं ऑपरेशन आहे. आई स्वतःच्या पायांनी चालत आत गेली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पेशंटनं श्वासच घेतला नाही. पोटाला सुरी लागलीसुद्धा नव्हती. नुसती भूल दिली होती.

घरी आणल्यावर आमची आत्या म्हणाली, "आपल्या घराण्याला भूल लाभत नाय. मागं आमच्या मोठ्या काकाचंबी असंच झालतं."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. अकरा वर्षांच्या रत्नमालानं सोडलं नाही. ती आत्याला विचारत बसायची, मोठे काका कोण, त्यांची आई कुठली, अजून कुणाचं असं झालं का. आत्याला सात पिढ्यांच्या सोयरिकी पाठ होत्या. आमच्यात मामाची पोरगी करायची पद्धत, त्यामुळं तेच तेच घर दोन्हीकडून यायचं. माझी आईसुद्धा वडिलांच्या मामाचीच लेक. रत्नमाला हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवायची. वडिलांना वाटायचं पोरगी नकाशे काढते.

पुढं तिनं एम.एस्सी. केलं आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. सदाशिव देउस्कर यांच्याकडं पीएच.डी.ला लागली. देउस्कर सरांबद्दल खोटं बोलणार नाही. त्यांनी तिला मन लावून शिकवलं. त्यांच्या हाताखाली आधी आमच्यातलं कुणी आलेलं नव्हतं. सुरुवातीला ते तिला म्हणाले होते, "म्हातारीच्या बोलण्यावर कुणी प्रबंध लिहितं का?" पण कॅलेंडरं बघितल्यावर त्यांनी तिला तोच विषय दिला. आनुवंशिकतेचा एवढा मोठा, एवढा स्वच्छ वंशवृक्ष त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अशी दोन वर्षं आम्ही भावंडं रक्त गोळा करत फिरलो. माझी लुना, मागं रत्नमाला, तिच्या मांडीवर बर्फ घातलेला थर्मास. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी निघायचो. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, जिथं जिथं भावकी आणि सोयरे पांगले होते तिथं. मेंढरांचे तळ रानात पडलेले असायचे, ते शोधायला अर्धा दिवस जायचा. चारशे बारा माणसांचं रक्त घेतलं. प्रत्येकाकडून एका कागदावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. कागद इंग्रजीत होता. कुणी विचारलं, "यात काय लिवलंय, ताई?" तर ती सांगायची, "रक्त तपासायला देतो असं. काय निघालं ते मी येऊन सांगीन."

मी येऊन सांगीन. हे मी स्वतःच्या कानांनी शेकडो वेळा ऐकलं आहे.

खंडेराव आमचा चुलतभाऊ, सत्तेचाळिसावा नंबर. सुई बघूनच घेरी येऊन पडला होता. नंतर स्वतःच हसला आणि म्हणाला, "ताई, माझ्या रक्तात दम नाय असं लिव."

दोन हजार एक साली परदेशातल्या प्रयोगशाळेतून निकाल आला. रत्नमालाचा अंदाज खरा निघाला होता. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घालायला सोपं जावं म्हणून एक इंजेक्शन देतात. त्यानं अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, श्वासाचेसुद्धा. चांगल्या माणसाच्या रक्तात एक द्रव्य असतं, ते हे औषध पाच मिनिटांत मोडून टाकतं. आमच्यातल्या काहींना आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून, बिघडलेली जनुकं आलेली. त्यांच्या रक्तात ते द्रव्य कामच करत नाही. औषध तासन्‌तास उतरत नाही. एवढा वेळ कुणी मशीननं श्वास देत राहिलं, तर माणूस संध्याकाळी उठून चहा मागतो. नाही दिला तर मरतो. दुसरं औषध वापरलं तर काहीच होत नाही. आजार नाही, अशक्तपणा नाही. फक्त डॉक्टरला आधी माहीत पाहिजे.

जनुकातला हा नेमका बिघाड जगात आधी कुणी नोंदवलेला नव्हता. तो माझ्या बहिणीनं शोधला. चारशे बारांपैकी एकतीस जणांत तो दोन्हीकडून आला होता.

ती देउस्कर सरांकडं गेली. रक्ताच्या बाटल्यांवर फक्त नंबर होते. कुठला नंबर कोण, हे एका वहीत होतं आणि वही सरांच्या कपाटात. घरच्या दोन-चार जणांचे नंबर तेवढे तिला पाठ होते. पुढचं बोलणं तिनं मला फार उशिरा सांगितलं.

"सर, वही पाहिजे होती. एकतीस जणांना सांगून येते."

"कशासाठी? आपण संशोधक आहोत, आरोग्यसेवक नव्हे. गावात घबराट होईल, पोरींची लग्नं मोडतील. आणि निष्कर्ष व्यक्तिशः कळवले जाणार नाहीत, असं संमतिपत्रात स्पष्ट लिहिलंय."

"संमतिपत्र इंग्रजीत होतं, सर."

"अंगठे त्यांचेच आहेत ना?"

मग त्यांनी तिच्यापुढं एक कागद ठेवला. माहिती गुप्त ठेवीन, असा. तिची नोकरी करारावर होती, दरवर्षी सरांच्या सहीनं वाढायची. तिनं सही केली. दोन हजार तीन साली मोठ्या परदेशी मासिकात लेख आला. पहिलं नाव सरांचं, रत्नमालाचं तिसरं. शेवटच्या ओळीत 'पश्चिम भारतातल्या एका मेंढपाळ समाजाचे आभार' मानले होते. आमच्या समाजाचं नावही त्यांनी घातलं नव्हतं. गुप्तता म्हणून.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये खंडेरावचा टेम्पो उलटला. मांडीचं हाड मोडलं. माणूस शुद्धीत होता, दवाखान्यात खाटेवर पडून मोबाईलवर टेम्पोमालकाशी भांडत होता. मी त्याला टेबलावर नेताना बघितलं. मग तसंच झालं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, श्वास परत आलाच नाही.

रत्नमाला धावत आली. तिनं डॉक्टरला काही विचारलं नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "सत्तेचाळीस."

मला कळलं नाही. चौथ्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. सांगताना पर्समधून प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं की, या व्यक्तीला अमुक इंजेक्शन देऊ नये. एकतीस जणांत ती स्वतःही होती. ती चिठ्ठी दोन हजार एकपासून तिच्या पर्समध्ये होती.

"तुझ्यापुरती चिठ्ठी केली तू," मी म्हणालो.

"व्हय."

"आणि खंड्या?"

"ऑपरेशन करायचं झालं तर आधी मला फोन कर, एवढं मी त्याला म्हणाले होते, दादा. का ते सांगितलं नाही."

मी उठून गेलो. दोन महिने तिच्याशी बोललो नाही. देउस्करांचा राग येणं सोपं होतं, ते परके होते. ही माझ्या लुनावर मागं बसून आली होती.

तिनं मात्र त्या दोन महिन्यांत दोन कामं केली. आधी सरांकडं गेली. सर म्हणाले, "दुर्दैवी आहे." तिनं पुन्हा वही मागितली, त्यांनी पुन्हा नियम सांगितला. मग ती एकटीच एस.टी.नं देवगावला गेली आणि खंडेरावच्या बायकोसमोर बसून खरं काय ते सांगितलं. त्या बाईनं तिला घराबाहेर काढलं. हे मला कळलं, तेव्हा मी गाडी काढून रत्नमालाकडं गेलो.

वही मिळणार नव्हती, म्हणून तिनं ठरवलं की पुन्हा सगळ्यांचं रक्त तपासायचं. संस्थेचं मशीन वापरता येणार नाही, पैसा नाही. मग तिनं चाचणीच नवीन बनवली. कागदाची निळी पट्टी, त्यावर एक रसायन, त्यावर बोट टोचून रक्ताचा थेंब. चांगल्या रक्ताची पट्टी वीस मिनिटांत पिवळी पडते. आमच्यातल्या त्या लोकांची निळीच राहते. पट्टी जमायला दीड वर्ष लागलं. तिच्या स्वयंपाकघरात भाजीपेक्षा बाटल्या जास्त असायच्या. एका पट्टीला चार रुपये पडायचे. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे सुचलं नव्हतं ते तिनं ओट्यावर केलं, आणि हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. नंतर दोन मेडिकल कॉलेजांचे लोक येऊन ती पट्टी बघून गेले.

पट्टी निळीच राहिली की ती तिथंच पिवळं कार्ड लिहायची, या माणसाला ते इंजेक्शन देऊ नये असं. मराठीत एका बाजूला, डॉक्टरसाठी इंग्रजीत दुसऱ्या बाजूला. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात आम्ही ती कार्डं लॅमिनेट करायचो.

संस्थेला कळलं तेव्हा नोटीस आली. गोपनीयतेचा भंग, संस्थेच्या संशोधनाचा अनधिकृत वापर. तिनं उत्तरात लिहिलं, 'रक्त माझ्या माणसांचं आहे आणि पट्टी माझ्या स्वयंपाकघरातली आहे.' करार संपला तो पुन्हा वाढला नाही. चौदा वर्षांच्या कामानंतर तिला टेबल रिकामं करायला एक दुपार दिली. पुढं ती ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवू लागली. रविवारी आम्ही फिरायचो. अकराशे माणसं तपासली. त्या कार्डावर आजपर्यंत नऊ जणांची ऑपरेशनं झाली, नऊही घरी आले. त्यात माझी लेक अंबिका आहे, सिझरिनची.

एवढं होऊनही जुन्या एकतीसमधले सगळे सापडत नव्हते. काही कळप लांब गेले, काही लोक कामाला परजिल्ह्यात. निकालात नंबरापुढं फक्त गाव आणि वय होतं, त्यावरून रत्नमालाच्या हिशोबानं आठ जणांचा पत्ता नव्हता, आणि नावं वहीत होती.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात तिला संस्थेतून फोन आला. नवे संचालक डॉ. विश्वजित बोलत होते. आवाज गोड. देउस्कर सरांना जीवनगौरव पुरस्कार द्यायचा आहे, मेंढपाळ समाजावरच्या त्यांच्या पायाभूत कामासाठी.

"मॅडम, एक विनंती होती. समाजाच्या वतीनं तुम्ही सरांचा सत्कार करावा. घोंगडी आणि काठी देऊन. फोटोला छान दिसेल."

मी शेजारीच होतो. माझं डोकं सणकलं. जिनं शोध लावला तिला शास्त्रज्ञ म्हणून बोलवत नाहीत, आणि घोंगडी द्यायला बोलवतात.

रत्नमाला म्हणाली, "येते."

सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर पिवळं कार्ड दाखवलं, तिच्या हातचं अक्षर. निवेदक म्हणाला की सरांच्या संशोधनातून हा सामाजिक उपक्रम उभा राहिला. सर ऐंशीच्या पुढचे, खुर्चीत बसून मान हलवत होते. रत्नमालाला वर बोलावलं. तिनं सरांच्या खांद्यावर घोंगडी घातली, हातात काठी दिली, नमस्कार केला. फोटो निघाले. मग तिनं निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

"सर, सत्तेचाळीस नंबर कोण होता, आठवतं का?"

सरांना ऐकू आलं नसावं असं समजून तिनं परत विचारलं. सर म्हणाले, "नंबर कसे लक्षात राहतील, रत्नमाला?"

"नाव खंडेराव. माझा चुलतभाऊ. हाड मोडलं म्हणून दवाखान्यात गेला आणि भुलीनं मेला. त्याला भूल सोसणार नाही, हे आपल्याला आठ वर्षं ठाऊक होतं. तुम्हाला आणि मला. कार्ड संस्थेनं केलेलं नाही. कार्ड केलं म्हणून संस्थेनं मला काढलं. मला पुरस्कारात वाटा नको. आठ माणसं मला अजून सापडत नाहीत. ती वही द्या."

डॉ. विश्वजित हसत हसत माइक घ्यायला पुढं आले. तिनं दिला नाही. सर काठी धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "नियम माझे नव्हते."

"कागद तुम्ही पुढं केला, सर. सही मी केली," ती म्हणाली, माइक टेबलावर ठेवला आणि खाली आली.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं. मग समिती बसली. दोन महिन्यांनी वहीची झेरॉक्स तिच्या हातात पडली, वर पत्र होतं, 'सामाजिक बांधिलकी लक्षात घेऊन'. इतकी वर्षं जे नियमानं शक्य नव्हतं ते पेपरातल्या एका बातमीनं शक्य झालं. त्या पत्राचा मला नोटिशीपेक्षा जास्त राग आला.

आठपैकी पाच जण जिवंत सापडले. दोघं म्हातारपणानं गेले होते. राहिला एकशे बारा नंबर, सांडू. सिल्लोडकडच्या वस्तीवरचा. आम्ही माझ्या जुन्या ओम्नीतून गेलो. दारात त्याची आई केसरबाई शेंगा फोडत बसली होती.

रत्नमालानं नाव सांगितलं आणि सांडूची चौकशी केली. केसरबाई म्हणाली, "त्याला जाऊन अठरा वर्सं झाली. हर्नियाचं आप्रेशन होतं. टेबलावरच गेला. लग्नाला तीन म्हयने झालते." मग तिनं रत्नमालाकडं नीट बघितलं. "तू तीच ना गं? रगत घेऊन गेली व्हती. येऊन सांगते म्हनली व्हती."

"व्हय, मावशी."

"मंग आता काय सांगायला आली?"

रत्नमालानं सांगितलं. काही वगळलं नाही. सांडू गेला दोन हजार सहाला, निकाल आला होता दोन हजार एकला, हेही सांगितलं. केसरबाईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मला वाटलं ही आता ओरडेल. तिनं ओरडण्यापेक्षा वाईट गोष्ट सांगितली.

"मी माझ्या सुनंला हाकललं. पांढऱ्या पायाची म्हनले तिला. लोकांदेखत म्हनले. करुणा नाव तिचं. पिशोरला असती, भावाच्या घरी. परत कुनी केली नाय तिला." ती उठली, पदर सारखा केला. "चल. तिच्यापुढं सांग. आत्ताच चल, उद्या मला धीर व्हायचा नाय."

पिशोरला पोचायला तास लागला. करुणा चाळिशीची, शिलाई मशीनवर बसलेली. सासूला बघून तिनं मशीन थांबवलं, पण उठली नाही. रत्नमालानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. केसरबाई उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं, बाई." करुणानं तिच्याकडं मानही वळवली नाही.

ती रत्नमालाला म्हणाली, "हे किती जणांना माहीत होतं?"

"दोघांना. माझ्या सरांना आणि मला."

"अठरा वर्षं मला कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. लग्नघरात गेले तर बाया सरकून बसतात. माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा भाऊ म्हणाला, तू चार दिवस बाहेर राहा. आणि तुम्ही दोघं कागद सांभाळत होता."

मी काहीतरी म्हणायला गेलो, की हिनंच पुढं कार्डं केली, नोकरी गमावली. रत्नमालानं माझा हात धरून मला गप्प केलं.

करुणानं शिलाईच्या मापांची वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि पेन पुढं केलं. "लिहून द्या. माझा नवरा कशानं मेला, कुणाला कधीपासून माहीत होतं. दोघांची नावं टाका."

रत्नमालानं पाऊण तास बसून लिहिलं. स्वतःचं नाव दोनदा आलं. खाली सही केली, तारीख घातली. करुणानं ते एकदा मोठ्यानं वाचलं, सासूला ऐकू जाईल असं, आणि घडी करून ब्लाउजच्या कापडांखाली ठेवलं.

त्या कागदावर करुणानं संस्थेवर आणि सरांवर दावा लावला आहे. वकील म्हणाला की रत्नमालाला साक्षीदार करू, तिच्या चांगल्या कामाचं सांगू, तिला मोकळी ठेवू. करुणा म्हणाली, नाही, दाव्यात तिचंही नाव राहू द्या. वकिलानं हे घाबरत घाबरत रत्नमालाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे."

मला ते अजून पटलेलं नाही. एका बाजूला तिसऱ्या नंबरावर ढकललेली, नोकरीवरून काढलेली माझी बहीण, दुसऱ्या बाजूला घोंगडी पांघरून फोटो काढलेले सर, आणि दोघांवर सारखाच दावा. मी हे बोललो की रत्नमाला म्हणते, "सारखाच नाही, दादा. मला त्या माणसांची तोंडं माहीत होती."

सरांनी तब्येतीचं कारण देऊन दोन तारखा टाळल्या. संस्थेनं दालनात पिवळं कार्ड काचेत लावलं आहे, खाली संस्थेचं नाव. रत्नमाला रविवारी पट्ट्या घेऊन निघते. मी गाडी चालवतो. आता रक्त घेण्याआधी ती मराठीतला कागद वाचून दाखवते, सगळा, आणि पट्टीचा रंग ठरेपर्यंत वीस मिनिटं त्या घरातून हलत नाही.